नऊ बायांची ठेव

याडी, यंदा तुझ्या ठेवीतून सहा पोरी शिकायला गेल्या. दोघी नर्सिंगला, एक फार्मसीला, एक यवतमाळच्या पॉलिटेक्निकला, एक बी.एस्सी.ला, आणि सहावीचं पुढे सांगते. तुला जाऊन एकवीस वर्षं झाली. एवढ्या काळात तुझी आरशांची कांचळी उंदरांनी खाल्ली, घराचं छप्पर दोनदा बदललं, तांड्यात डांबरी रस्ता आला आणि उखडूनही गेला. ठेव मात्र आहे. नुसती आहे असं नाही, वाढली आहे. मी तुझी लेक, बँकेत आयुष्य काढलेली बाई. मुदत ठेव मोडायला आलेले लोक मी रोज पाहते. कोणी मुलीच्या लग्नासाठी मोडतो, कोणी मुलाच्या गाडीसाठी, आणि एका संस्थेची पन्नास वर्षांची गंगाजळी अध्यक्षांच्या एका वाढदिवसात बुडालेली मी या डोळ्यांनी पाहिली आहे. तेव्हा मला कळतं की तू केलंस ते किती अवघड होतं. मला तुझा अभिमान वाटतो, याडी. तू असताना हे म्हणायचं राहून गेलं, कारण तू असताना आपण दोघी बहुतेक वेळ भांडतच होतो.

आर्णीच्या मुलींच्या वसतिगृहाचं स्वयंपाकघर मला अजून जसंच्या तसं दिसतं. मी शाळा सुटली की तिथे येते, दप्तर धान्याच्या कोठीवर टाकते आणि तुझ्यासमोर कणकेचे गोळे करायला बसते. साठ पोरींच्या पोळ्या. तुला अक्षर येत नव्हतं, पण कुठली पोरगी सुट्टीनंतर परत यायची नाही हे तुला तिच्या ताटावरून कळायचं. "ही नाई येत आता," तू पोळी उलटत म्हणायचीस. "दोन दिवसापासून जेवून नाई राह्यली. घरी कायतरी ठरलं असन." आणि तसंच व्हायचं. वरणाचा मोठा गंज तू एकटी उतरवायचीस, कोणाला हात लावू द्यायची नाहीस. अनुदान दर मुलीमागे ठरलेलं होतं आणि ते वर्षानुवर्षं तेवढंच यायचं. तुरीच्या डाळीचा भाव कोणाच्या बापाचं ऐकत नसे. मग तू गंजात पाण्याचा आणखी एक तांब्या ओतायचीस आणि कोणाकडे न बघता मीठ टाकायचीस.

ठेवीची गोष्ट मात्र आपल्या तांड्यातल्या एका पोरीपासून सुरू झाली. ती बारावी झाली, नर्सिंगच्या यादीत तिचं नाव लागलं. फी भरायला चार दिवस होते. तांड्याच्या मुख्याने, नायकाने, माणसं जमवली, वर्गणी जाहीर झाली, ज्याने त्याने आकडा सांगितला. सांगितलेला आकडा आणि आलेला पैसा यांच्यात नेहमीप्रमाणे बरंच अंतर पडलं. रुमालात बांधलेली रक्कम पुरी झाली तेव्हा मुदत उलटून दोन दिवस झाले होते. वैशाखात तिचं लग्न लागलं. त्या लग्नात तू जेवली नाहीस, पंगतीतून उठलीस, आणि घरी येऊन शेजारच्या काकीला म्हणालीस, "दरसाल झोळी फिरवाची अन् दरसाल उशीर. एकदाच फिरवू वो. अशी फिरवू का पुन्हा फिरवाच लागू नये."

झोळी तू माणसांपुढे फिरवलीच नाहीस. बायकांपुढे फिरवलीस. तेव्हा तांड्यातल्या बायका हळूहळू चांदी उतरवू लागल्या होत्या. बाजारात गेलं की लोक बघतात, बसमध्ये पोरं हसतात, म्हणून केसांतल्या घुगऱ्या आणि गळ्यातल्या हासल्या पेट्यांत जाऊन पडल्या होत्या. तू आधी तुझी हासली काढून पितळी परातीत ठेवलीस. मग काकीने तिची ठेवली. संध्याकाळपर्यंत नऊ जणींची चांदी परातीत आली होती. रुपयांचे हार, वाळे, तुझ्या आईची एक घुगरी, जी तू मला द्यायची कबूल केली होतीस आणि माझ्याकडे न बघता परातीत टाकलीस. मी नववीत होते. मला रडू आलं, ते मी धुराच्या नावावर खपवलं.

आणि मग तुम्ही नऊ शहाण्या बायांनी एक चूक केली, जी फक्त आपल्याच बायका करू शकतात. ती चांदी तशीच एका पत्र्याच्या डब्यात घालून कुलूप लावलंत. विकायची नाही असं कोणी ठरवलं नव्हतं, पण विकायची कोणाची आधी? काकी म्हणाली, रोकड ठेवली तं कोनी ना कोनी मागाले येते, चांदी मागाले कोनी येत नाई. सगळ्यांना पटलं. दर दिवाळीला, पोरी हातात दिवे घेऊन घरोघर मेरा मागून आल्या की दुसऱ्या दिवशी, किराणा दुकानदाराचा तराजू आणून डबा तोलला जायचा. वजन तेवढंच भरायचं आणि तुमचे चेहरे फुलायचे. चार वर्षं हा सोहळा झाला. चार वर्षांत त्या डब्याने एकाही पोरीला एक वही घेऊन दिली नाही. मधल्या काळात आणखी एका पोरीची फी बुडाली. तेव्हाही डबा होता, कुलूप होतं, किल्ली तुझ्या कमरेला होती.

चौथ्या दिवाळीला मी बोलले. डब्याला हळदकुंकू लावून तुम्ही गोल बसला होतात आणि मी उभ्याउभ्या म्हणाले, "याडी, हा डबा शिकवते कोनाले?" तू उठलीस आणि सगळ्यांसमोर माझ्या कानाखाली दिलीस. तुझा तो पहिला मार आणि शेवटचाही. "तोंड चालते लय तुह्यं," म्हणालीस, "चांदीचा एक डाग तरी घातला का तू त्यात?" मी आठ दिवस तुझ्याशी बोलले नाही. नवव्या दिवशी सकाळी तू डबा फडक्यात बांधलास, दारात उभी राहिलीस आणि म्हणालीस, "चाल. यवतमाळले जाचं हाये. हिशोब वाचाले कोनी तं पायजे." बाहेर बाकीच्या आठ जणी उभ्या होत्या, लग्नाला निघाल्यासारख्या नटून.

एसटीत तुम्ही नऊ जणींनी एकमेकींना चिकटून बसून डबा मध्ये धरला होता. सराफ चांगला माणूस होता. त्याने एकेक डाग तोलून बाजूला ठेवायला घेतला, तर तू त्याचा हात धरलास. "येक येक नाई, भाऊ. सगळी आमच्यासमोर येकदम वितळवा." तो म्हणाला, बाई, कोणाचं किती ते मग कळणार नाही. "म्हनून तं," तू म्हणालीस. मूस तापली, हासल्या वाकल्या, घुगऱ्या बसल्या, आणि नऊ जणींचं एक पांढरं पाणी झालं. कोणाची आधी, हा चार वर्षांचा प्रश्न पाच मिनिटांत मिटला. दोघी जणी रडल्या. काकी मात्र हसत होती, तिला म्हणे हलकं वाटत होतं. बसस्टँडवर तू आम्हा सगळ्यांना आलूबोंडे घेतलेस, माझ्या द्रोणात एक जास्त ठेवलास, आणि त्या दिवशी मला समजलं की तू माफी मागितलीस की असं दिसतं.

चांदीचे आलेले पैसे ठेवायला गेलो तर बँकेने सांगितलं, संस्था नोंदवा. वसतिगृहाच्या मागच्या गल्लीत एक निवृत्त अव्वल कारकून राहायचे. त्यांच्या घरात तीन पिढ्या कचेरीतच गेल्या होत्या. त्यांच्या ओसरीवर आपण बसलो. ते खुर्चीवर, तू खाली, कितीही म्हटलं तरी वर बसली नाहीस. ते एकेक विचारत होते आणि लिहीत होते. उद्देश काय? तांड्याच्या पोरींचं शिक्षण. मुदत किती? तू विचार केला नाहीस. "जोपर्यंत पोट्ट्या जलमतीन तोपर्यंत." त्यांनी चष्म्यावरून तुझ्याकडे पाहिलं आणि 'कायमस्वरूपी' असं लिहिलं. मुद्दल मोडायचं नाही, व्याज दरवर्षी वाटायचं, असं ते पुढे लिहू लागले, तेव्हा तू त्यांना थांबवलंस.

"सगळं व्याज नाई वाटाचं, बाबूजी. रुपयातले चार आने परत ठेवीत टाकाचे."

"कशाला, बाई? मुद्दल तर शाबूत राहते ना."

"शाबूत दिसते. पन तेचं पोट खपाटीले जाते. माह्या गंजाचंच पाहा ना. अनुदान येते तेवढंच येते, येक पैसा कमी नाई. अन् वरन पातळ होऊन राह्यलं. ह्या ठेवीचं वरन मले पातळ नाई करू द्याचं."

त्यांनी लेखणी खाली ठेवली. घरातून चहा मागवला, आणि तुला खुर्ची आणून दिली. "आमच्या घराण्यात कागद लिहिण्यात जन्म गेले," ते म्हणाले, "पण हे कलम मला कोणी सांगितलं नव्हतं." त्या दिवशी तू खुर्चीवर बसलीस. मी नंतर शाखेत मोठमोठे साहेब लोक पाहिले, महागाई आणि परतावा यांवर तास तास बोलणारे. त्यांचं ऐकताना मला दरवेळी तुझा गंज आठवतो आणि वाटतं, माझ्या आईने हे स्वयंपाकघरात उभ्याने शोधलं.

आता माझी तक्रारही ऐक, नाहीतर तुला वाटेल मी नुसती आरती ओवाळते आहे. तू आणखी एक कलम घातलंस, की पहिली दहा वर्षं नऊ जणींच्या घरातल्या पोरींना ठेवीतून काही मिळणार नाही. लोकांनी म्हणू नये, बायांनी आपापल्या घरात वाटून घेतलं. माझी बारावी त्याच दहा वर्षांत झाली. ठेवीतून पहिली पोरगी नर्सिंगला गेली, तिला तू एसटीत बसवायला गेलीस. मी मात्र यवतमाळला एका फोनच्या बूथवर बसून बी.कॉम. केलं. तिसऱ्या वर्षाची फी राहिली तेव्हा मी तुझ्याकडे आले होते. तू पोळी लाटत होतीस. "ठेवीतून नाई," एवढंच म्हणालीस आणि कानातल्या बाळ्या काढून माझ्या हातावर ठेवल्यास. मी त्या विकल्या, फी भरली, आणि तरी दोन वर्षं मनात धरून होते. मला बाळ्या नको होत्या, याडी. मला त्या यादीत माझं नाव पाहिजे होतं.

तू गेलीस आणि तुझी जागा माझ्याकडे आली. तेही तुझंच कलम, की एक जण गेली तर तिच्या घरातली एक बाई तिच्या जागी बसेल, माणूस नाही. आता पहिल्या नवांपैकी काकी तेवढी राहिली आहे, बाकी आम्ही मुली आणि सुना. व्याजाचे दर उतरले तेव्हा मी धर्मादाय कार्यालयाची परवानगी काढली, काही भाग लांब मुदतीच्या सरकारी रोख्यांत टाकला, थोडा म्युच्युअल फंडात. सुना घाबरल्या, पण काकीने माझी बाजू घेतली. सगळं व्याज वाटून टाकणाऱ्या कितीतरी संस्था माझ्या डोळ्यांदेखत नावापुरत्या उरल्या. त्यांच्या बक्षिसात आज एक दप्तरही येत नाही. आपल्याकडे ती चार आण्यांची सवय वर्षानुवर्षं गुपचूप काम करत राहिली. पहिली नर्स झालेली पोरगी परवा भेटली. तिची मुलगी आता दुसऱ्यांना शिकवते. शाखेत बसल्या बसल्या मला हे आठवलं की मी समोरच्या ग्राहकाशी उगाच गोड बोलते.

आणि आता यंदाचं. सहावी पोरगी म्हणजे तुझी नात, भावाची धाकटी. कपाळ तुझंच घेऊन आली आहे, हट्टही तुझाच. तिला डॉक्टर व्हायचं होतं. सरकारी जागा थोडक्यात हुकली. खासगी कॉलेजात जागा मिळत होती, पण तिथली पाच वर्षांची फी म्हणजे जवळजवळ अख्खी ठेव. भाऊ माझ्याकडे आला. "ताई, आपल्याच मायनं उभी केलेली हाये," तो म्हणाला. "तांड्यातली पयली डॉक्टर तिची नात झाली, तं तिले वाईट वाटन का? येकडाव मोडू. पोरगी कमावती झाली का भरून देईन." तांडाही त्याच्या बाजूने होता. नायकाला फलक दिसत होता, पोरांना सत्कार. खरं सांगायचं तर वाईट हेतू कोणाचाच नव्हता. अशा वेळीच ठेवी जातात, हे मी नोकरीत शिकले आहे.

मुद्दल मोडायचं तर नऊही जणींचा होकार लागतो, आणि तो कसा घ्यायचा हेही तू ठरवून ठेवलेलं. सासूसमोर सुनेला नाही म्हणता येत नाही, म्हणून हात वर करायचे नाहीत. प्रत्येकीला एक तुरीचा आणि एक ज्वारीचा दाणा द्यायचा. तूर म्हणजे मोडा, ज्वारी म्हणजे राखा. पदराआड एकच दाणा मुठीत घ्यायचा, तांब्याच्या तोंडाला बांधलेल्या फडक्याच्या चिरेतून आत सोडायचा, दुसरा तोंडात टाकून चावून गिळायचा. इतक्या वर्षांत ही वेळ कधी आली नव्हती. दुपारी मंदिराच्या मंडपात आम्ही नऊ जणी बसलो. माणसं बाहेर कडुनिंबाखाली. तुझी नात पायरीवर बसली होती, आत येऊ नकोस म्हटलं तरी आमच्याकडे बघत. तांब्या फिरला, परातीत उपडा झाला. आठ तुरी आणि एक ज्वारी.

ठेव राहिली. भाऊ महिनाभर माझ्याशी बोलला नाही. पोरगी पहिले काही दिवस खोलीबाहेर आली नाही, मग एके दिवशी स्वतःच अर्ज घेऊन शाखेत आली. फिजिओथेरपीला प्रवेश घेतला होता तिने. ठेवीतून बाकीच्या पाच जणींना मिळालं तेवढंच तिला मिळालं, एक रुपया जास्त नाही. मी सही केली तेव्हा ती म्हणाली, "आत्या, रागात होती मी. पन तुही हिंमत मानली." तांड्यातही आता तेच बोलतात. सख्ख्या भाचीसाठीसुद्धा हिने मोडू दिली नाही, आईवर गेली. धर्मादाय कार्यालयातल्या बाईंनी मला उभं राहून नमस्कार केला. परवा शाखेत नव्या मुलांसमोर साहेबांनी माझं उदाहरण दिलं. तो ज्वारीचा दाणा कोणाचा, हे कोणी विचारतही नाही. सगळ्यांना तो माझाच वाटतो.

काकीचा असेल का? मला माहीत नाही. त्या दिवशी ती नेहमीसारखी खांबाला टेकून डोळे मिटून बसली होती. एखाद्या सुनेचाही असेल, जिच्या पोटात अजून न जन्मलेली पोरगी आहे. मी विचारणार नाही, कारण विचारलं तर मला कसं माहीत की तो दाणा माझा नव्हे, हे सांगावं लागेल. तू सगळ्यांवर विश्वास ठेवलास आणि एकीवरही ठेव सोडली नाहीस, माझ्यावरसुद्धा नाही. याचाच मला सगळ्यात जास्त अभिमान वाटतो, आणि याचंच थोडं दुखतं. हे पत्र कोणाला वाचून दाखवायचं नाही. तुला तर पाठवताच येत नाही, आणि पाठवलं असतं तरी वाचून घ्यायला तू मलाच हाक मारली असतीस. मग मला तुझ्यासमोर बसून मोठ्याने म्हणावं लागलं असतं, याडी, पायरीवर बसलेल्या त्या पोरीकडे मी एकदा बघितलं, आणि ज्वारी चावून गिळली.